ढाकेचा आकडा

केरबा पैलवानानं माझ्या बापाची मान मोडली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि त्याच केरबाच्या ढाकेच्या डावाला किती आकडा लावायचा हे ठरवायची पाळी माझ्यावर आली तेव्हा तेवीस. मधल्या बारा वर्षांत हा गृहस्थ आमच्या दारात एकदाही आला नाही. कोल्हापूर ते गडमुडशिंगी अंतर असं किती? सायकल मारली तरी पाऊण तासात माणूस येतो.

आकडा कसला ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं मटक्याचा. राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत मृत्युंजयची कंपनी होती. घरची गुळाची अडत सोडून हा बंगळूरला कॉम्प्युटर शिकायला गेला आणि परत आला तो मोबाइलवरच्या गेमचं वेड घेऊन. रंगीत पडद्याचे फोन नुकतेच पोरांच्या हातात आले होते. कोल्हापुरात राहून कुस्तीचा गेम नाही करायचा तर काय बुद्धिबळाचा करायचा, असं त्याचं म्हणणं. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर होऊन नुकतीच त्याच्याकडं लागले होते. चित्रं काढायला दोघं होते, आणि डाव, नियम, हिशेब म्हणजे गेमचं सगळं डोकं माझ्याकडं होतं.

अशा गेममध्ये प्रत्येक पैलवानाच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असते. ती त्याचा जीव. पट्टी भरलेली असली की शंभर. प्रत्येक डावाला एक मूळ आकडा द्यायचा. तो लावणाऱ्याच्या ताकदीनं गुणायचा आणि खाणाऱ्याच्या ताकदीनं भागायचा. मग डाव अंगावर कुठं बसला ते बघायचं. पायावर बसला तर आहे तेवढाच, छातीवर सव्वापट, मानेवर दीडपट. तोच डाव लागोपाठ दुसऱ्यांदा लावला तर निम्मा. उरेल तो आकडा समोरच्याच्या पट्टीतून वजा. याला डॅमेज म्हणतात. परदेशी कुस्तीचे गेम खेळून खेळून मृत्युंजयनं ही पद्धत उचलली होती. शिट्टी झाल्यावर मात्र काहीही दाबलं तरी शून्यच वजा होईल, हा नियम मी माझ्या मनानं घातला होता.

मी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, "आपल्या कुस्तीत डॅमेज नसतं. पाठ मातीला लागली की संपलं. कुणाला दुखवायचं नसतं, पाडायचं असतं."

"मग पोरांनी बघायचं काय?" तो म्हणाला. "पट्टी हिरवीची लाल झाल्याशिवाय मजा येत नाही, स्नेहल."

माझ्या बापानं अशी मजा बघितली असती तर नाक मुरडलं असतं, पण पगार मृत्युंजय देत होता. मी तक्ता केला. एकलंगीला आठ, घिश्शाला दहा, मोळीला बारा, धोबीपछाडला अठरा, कलाजंगला चोवीस, आणि सगळ्यात वर उचलून मागं टाकायचा डाव, त्याला पस्तीस. ढाकेला वीस.

ढाकेला वीस मी उगीच नाही लावले. विचार करून लावले. त्यासाठी १९९४ सालची गोष्ट सांगायला पाहिजे.

माझे वडील आकाराम, आम्ही त्यांना आबा म्हणतो, आणि केरबा एकाच तालमीतले. दोघांनी एकाच हौद्यात माती अंगाला लावली होती. तालमी वेगळ्या झाल्या आणि हातकणंगल्याकडच्या एका गावच्या जत्रेत दोघांची जोड लागली. आबा तेव्हा तिशीच्या आत होते. पोरींना कुस्तीच्या मैदानात नेत नाहीत, त्यामुळं मी घरीच होते. मला कळलं ते लोकांच्या तोंडून. चौदा मिनिटं खडाखडी चालली, पंधराव्या मिनिटाला केरबानं ढाक लावली, मान काखेत धरून पाठीवर टाकलं, आणि आबा चितपट झाले. पंचानं शिट्टी मारली. लोक आत घुसले, फेटे उडाले, हलगी घुमली, केरबाला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. गर्दी हटल्यावर बघतात तर आबा होते तिथंच. डोळे उघडे, आणि छातीपासून खाली काही हलत नाही.

त्या दिवसापासून ते खाटेवर आहेत. उजवा हात कोपरापर्यंत उचलतो, डाव्याची बोटं तेवढी वळतात, आणि तोंड शाबूत आहे. आई दोन म्हशी सांभाळते आणि त्यांना कुशीवर वळवते. बारा वर्षं आम्ही एक वाक्य ऐकत आलो: आकारामची मान कच्ची होती. वस्तादांनी मरेपर्यंत तेच सांगितलं. भावकीनं तेच सांगितलं. ढाकेनं कुणाला काही होत नाही, रोज शंभर पोरं ढाक खाऊन उठतात, आणि अंगावरची माती झाडून पाणी प्यायला जातात. आकारामनं मान आत घ्यायला उशीर केला. आबाही तेच म्हणायचे. "उशीर झाला माझ्याकडनं," म्हणायचे आणि छताकडं बघायचे. मला मात्र आठवत होतं की हाच माणूस पहाटे मानेत दगडाचं कडं घालून पाचशे बैठका मारायचा, आणि मी त्या मानेला लोंबकळून झोके घ्यायची.

पैलवानाला लंगडा म्हणा, आंधळा म्हणा, तो ऐकून घेईल. मान कच्ची म्हणणं ही शिवी आहे. ती शिवी माझ्या बापाला सगळ्या जिल्ह्यानं दिली होती आणि ती खोटी आहे हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक असणार, असं मला फार लवकर वाटायला लागलं होतं. मला त्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. त्यानं पाया पडायला नको होतं, रडायला नको होतं. 'आकारामची मान कच्ची नव्हती', एवढे शब्द हवे होते.

म्हणून मृत्युंजय एक दिवस नाचत आला आणि म्हणाला, "केरबा पैलवान तयार झाला, गेममध्ये त्याचं नाव टाकायचं, त्याच्यासारखंच पात्र करायचं आणि सगळे आकडे तो स्वतः तपासून देणार," तेव्हा मी बरं म्हटलं. माझे वडील कोण हे मी ऑफिसात सांगितलं नव्हतं. कीव मला पचत नाही. मी फक्त तक्त्याकडं बघितलं. ढाकेपुढचा वीस आकडा तसाच ठेवला. सगळं जग म्हणतं ना ढाकेनं काही होत नाही? मग घ्या वीस.

केरबा त्याच दिवशी दुपारी आला. पांढरा सदरा, मोडलेले कान, चाळिशीला टेकलेला, पण पोट सुटलेलं नाही. आमची खुर्ची त्याला पुरेना तेव्हा बाक आणून दिला. चहा नको म्हणाला, दूध मागितलं. मी समोर कॉम्प्युटरवर तक्ता उघडून बसले.

खरं सांगते, पहिला तासभर मला तो माणूस आवडला. याचा मला अजून राग येतो. त्यानं प्रत्येक डाव नीट समजून घेतला. पट्टी काय, गुणायचं काय, भागायचं काय, सगळं विचारलं. मग एकेक आकडा बोट ठेवून तपासायला लागला.

"मोळीला बारा का लावलंस, बाई? मोळीत मानसाचा दम जातोय, जीव न्हाय जात. चार लाव. पन दमाची यगळी पट्टी पायजे तुला."

"घिश्शाला?"

"घिश्शाला धा बरोबर हाय. पन गडी दमलेला आसंल तर पंधरा धर. ताज्या गड्याला घिस्सा लागतच न्हाय. चिकटून ऱ्हातोय त्यो."

हे इतकं बरोबर होतं की मी भराभर लिहून घेतलं. मला महिनाभर न सुटलेली कोडी तो दुधाचा घोट घेता घेता सोडवत होता. कुस्तीतलं ज्ञान असं समोर बसून ऐकलं की मला आबांची आठवण यायची. तेही असंच बोट ठेवून सांगायचे. मृत्युंजय तर हरखूनच गेला होता.

मग बोट ढाकेवर आलं.

"ही कुनाची ढाक?" केरबानं विचारलं.

"म्हणजे?"

"माजी हाय, का आनी कुनाची?"

"तुमचीच."

"आनी ईस?"

मी तयार होते. "ढाकेनं कुस्ती निकाली होते, पैलवान. मग नुकसान कशाला पाहिजे? पाठ लागली, शिट्टी झाली. खालचा गडी उठतो, माती झाडतो आणि जातो."

"तिचं लॉजिक बरोबर आहे," मृत्युंजय म्हणाला.

"डोंबलाचं बरोबर!" केरबानं ग्लास खाली ठेवला. "अरं, ह्या डावावर माझं नाव झालंय. जत्रेत पोरं म्हनत्यात, केरबाची ढाक आली, पळा. आनी तुमी तिला कलाजंगाच्या खाली बसीवताय?"

"मग किती लावू?" मी विचारलं.

"शंबर."

मृत्युंजय हसला. "शंभर म्हणजे एका डावात माणूस खलास, पैलवान. तसं कसं चालेल?"

"झालंय की तसं. खोटं सांगत न्हाय."

आता माझी वेळ होती. मी आवाज शक्य तेवढा सपाट ठेवला. "एकाची मान मोडली असं मीही ऐकलंय. पण त्याची मान कच्ची होती म्हणतात."

बापाबद्दलची ती शिवी माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडली. तोंड कडू झालं.

"कच्ची?" केरबा मोठ्यानं हसला. "बाई, तू बघितली न्हाईस त्याची मान. रेड्याची मान व्हती. एका तालमीत व्हतो आमी. त्यो दगडाचं कडं घालून बैठका माराय लागला की आमी मोजाय बसायचो. ढाकंनं मोडनारी मान न्हवं ती."

ऐकलं. बारा वर्षं जे ऐकायचं होतं ते इतक्या सहज, दुधाच्या मिशीसकट, ऐकलं. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण तोंडातून गेलंच, "मग कशानं मोडली?"

केरबा उठला. मृत्युंजयला हातानं खूण करून उभं केलं, त्याची मान काखेत घेतली आणि त्याला हळूच, जपून, मागं झुकवत जमिनीवर निजवला. "ही बघ ढाक. ह्यो पडला. पाठ लागली. शिट्टी वाजली. हितवर तुजं ईस, मान्य." मग त्यानं काखेतली मान जराशी वळवली. जराशीच. मृत्युंजय कळवळून ओरडला. "आनी ह्यो पीळ. ह्येचं ऐंशी. ईस आन् ऐंशी, झालं का न्हाय शंबर?"

"शिट्टीनंतर?"

"शिट्टीनंतर." त्यानं मृत्युंजयला हात देऊन उठवलं. "चौदा मिंटं त्यानं मला हलू दिलं न्हवतं, बाई. मैदान हसाय लागलं व्हतं मला. डोस्कं फिरलं. पाडला तरी डोस्कं जाग्यावर आलं न्हाय. दिला पीळ."

"कुणी बघितलं नाही?"

"धुरळ्यात कुनाला काय दिसतंय? लोकं आत आलीती तवर."

"आणि त्या पैलवानाचं काय झालं?"

"पडून हाय म्हनं कुटंतरी. मुडशिंगीकडं."

"कुठंतरी नाही," मी म्हटलं. "मारुतीच्या देवळापासून उजव्या हाताला तिसरं घर. सकाळी त्यांचं अंग पुसून, केस विंचरूनच निघालेय मी. आकाराम माझे वडील."

मृत्युंजय मान चोळायचा थांबला. केरबा माझ्याकडं बघत राहिला, नाक बघितलं, कपाळ बघितलं, आणि बाकावर बसला. मला वाटलं आता काहीतरी होईल. माणूस कितीही निबर असला तरी अशा वेळी त्याच्या तोंडून काहीतरी येतंच, चुकलं म्हणेल, नाहीतर निदान उठून जाईल.

केरबानं ग्लासातलं उरलेलं दूध पिऊन टाकलं. "तरीच," तो म्हणाला. "मग तुला तर ठावं हाय की सगळं. तूच सांग ह्येला, शंबर लावायचं का न्हाय?"

एवढंच. मी पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. पुढचं वाक्य आलं नाही. जाताना जिन्यात थांबून त्यानं मृत्युंजयला बजावलं, ढाकेचं तेवढं विसरू नका.

तो गेल्यावर मृत्युंजय माझ्याजवळ आला. वाईट माणूस नाही तो. "तू कधी सांगितलं नाहीस," म्हणाला, पाणी आणून दिलं, घरी जा म्हणाला. मग थोडा वेळ येरझाऱ्या घातल्या आणि न राहवून म्हणालाच, "माफ कर हां, स्नेहल. पण शिट्टीनंतरचा पीळ... म्हणजे फक्त केरबाच्या पात्राला. शिट्टी झाल्यावर एक सेकंद बटण चालू राहील. कुठल्याच गेममध्ये असं नाही. नको असेल तर राहू दे."

मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. पण मारायला उचललेला हात मनातच थांबला, कारण मला दुसरंच सुचलं होतं. पंचांच्या कागदावर तो पीळ नव्हता. वर्तमानपत्रात आलं होतं, केरबा ढाकेच्या डावावर विजयी, आकाराम जखमी. दवाखान्याच्या कागदावर पडल्यामुळं असं लिहिलं होतं. कुठं म्हणजे कुठंच ती गोष्ट लिहिलेली नव्हती. आता लिहिली जाणार होती. कौतुक म्हणून का होईना, हजार पोरं आपल्या डोळ्यांनी बघणार होती: आधी शिट्टी, मग पीळ.

"करते," मी म्हटलं.

शिट्टीनंतर शून्य हा माझाच नियम. तो मी माझ्या हातानं मोडला. लावणारा केरबा असेल, शिट्टी होऊन एक सेकंद उलटला नसेल आणि मान काखेत असेल, तर ऐंशी. ढाकेचे वीस वेगळे, पिळाचे ऐंशी वेगळे. प्रोग्रॅममध्ये मशीन वाचत नाही अशी एक ओळ लिहायची सोय असते, पुढं कुणी माणूस उघडून बघेल त्याच्यासाठी. तिथं मी आबांचं नाव, गाव, साल लिहिलं आणि पुढं लिहिलं, शिट्टीनंतर. ते लिहून झाल्यावर मी खूप दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

घरी पोचले तेव्हा धारेची वेळ होती. आई गोठ्यात होती. आबांची खाट सोप्यात, रस्ता दिसेल अशी लावलेली असते. मी चप्पल काढायच्या आत सांगायला सुरुवात केली.

"आबा, आज केरबा भेटला."

"कोन, आमचा केरबा?" आबांचा चेहरा उजळला.

'आमचा' ऐकून माझं डोकं फिरलं, पण मी गिळलं. खाटेवर बसले, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. त्यानं मृत्युंजयला कसं निजवलं, पीळ कसा दाखवला. "त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं, आबा. शिट्टी झाल्यावर पीळ दिला त्यानं. तुमची मान कच्ची न्हवती."

आबा छताकडं बघत होते. "ठावं हाय," म्हणाले.

"काय ठावं हाय?"

"शिट्टी मला बी ऐकू आलती की. शिट्टी ऐकली म्हनून तर मान सैल सोडली. न्हायतर त्येच्या बाला पीळ देता आला नसता."

नियम पाळला म्हणून मोडलेली मान. आणि हे या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाराच्या बारा वर्षं, आई त्यांना कुशीवर वळवताना, मी शाळेत पोरींशी मान कच्चीवरून भांडून येताना, याला माहीत होतं.

"मग बोलला का न्हाईसा?" मी ओरडलेच.

"काय बोलू? पडलो व्हतो न्हवं? पाठ लागल्याला गडी मागनं काय बी बोलला तरी लोकं म्हनत्यात, हरला आनी आता रडतोय. ऱ्हाऊ दे. केरबाचं नाव झालं, आपल्या तालमीचंच पोरगं." मग त्यांनी डोळे माझ्याकडं वळवले. त्या डोळ्यांत एकदम काहीतरी जागं झालं होतं. "किती म्हनलीस आकडा? शंबर?"

"शंबर."

"केरबा सोता म्हनला, शंबर?"

"व्हय."

"सगळ्या डावांच्या वर?"

"सगळ्यांच्या वर."

आबा हसले. बारा वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मी घाईघाईनं म्हटलं, "पन शंबर ढाकंचं न्हवं, आबा. ढाकंला ईसच. पिळाला ऐंशी. यगळं यगळं लिवलंय मी. कुनी बी बघितलं तर कळंल, चूक केरबाची."

हसू गेलं. "ढाकंला ईसच?"

"व्हय."

"कलाजंगाला किती?"

"चोवीस."

आबांनी डोळे मिटून घेतले. गोठ्यातून बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता. मग म्हणाले, "म्हंजी कुस्ती मी ईसच्या डावाला हारलो."

"आबा, तसं न्हाय..."

"तसंच हाय की. पीळ मागनं दिला. पडलो आदी." उजवा हात कोपरापर्यंत उचलून त्यांनी माझं मनगट धरलं. "पोरी, येवढं कर. त्यो पीळ काडून टाक. शंबरच्या शंबर ढाकंलाच लाव."

"अवो, पन ती लबाडी हाय! मग केरबा मोकळाच की. त्यानं तुमची मान मोडली, आनी मी त्याच्या ढाकंला शंबर देऊ?"

"मानंचं काय घिऊन बसलीस? गेली ती गेली. ती काय आता तुझ्या मिशनीतनं परत येनार हाय?" आवाज चढला तसा त्यांना खोकला आला. मी पाणी पाजलं. मग हळू बोलले. "जिंदगीत एकच मोठी कुस्ती झाली माझी. ती कसल्या डावाला हारलो ते तरी चांगलं आसू दे. ईसच्या डावाला पडलेला गडी म्हनून मरू का मी?"

"तुमचं नाव बी न्हाय त्या गेममधी."

"नसू दे. बघनाऱ्याला ठावं हाय, केरबाची ढाक कोन खाल्ला ते."

मी मनगट सोडवून घेतलं. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की तुम्ही आणि केरबा एकाच मातीचे, असं म्हटलं आणि ते शिवी म्हणून म्हटलं, आणि आबांनी ते कौतुक म्हणून ऐकलं. आई बादली घेऊन दारात आली, काय झालं गं म्हणाली. आबाच म्हणाले, "काय न्हाय. कुस्तीचं बोलतोय."

केरबाचा राग मला सोपा होता. तो लांब होता, धडधाकट होता, त्याच्यावर बारा वर्षं रागावता आलं. खाटेवरच्या माणसावर कसं रागवायचं? त्याला घास भरवायचा असतो. त्या संध्याकाळी मी भाकरी दुधात कुस्करून त्यांना भरवली आणि प्रत्येक घासाला माझा हात जड होत गेला. ते मात्र पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृत्युंजय यायच्या आत मी ऑफिस उघडलं. शिट्टीनंतरचे ऐंशी पुसले. शिट्टीनंतर शून्य, हा नियम परत घातला. मशीन न वाचणारी ती ओळ, आबांच्या नावाची, तीही पुसली. तक्त्यात ढाकेपुढं वीसच्या जागी शंभर लिहिले. दोन मिनिटांचं काम होतं.

मृत्युंजय आला, खेळून बघितलं, आणि ताबडतोब ओळखलं. "पीळ कुठं गेला?"

"काढला."

"का? पैलवान स्वतः म्हणाला होता ना?"

"फुशारकी मारत होता. तेवढाच आकडा वाढवून घ्यायला."

"पण तुझे वडील..."

"मी घरी विचारून आलेय," मी म्हटलं. "पीळबीळ काही नव्हता. ढाकच तसली होती."

त्याला ते लगेच पटलं.